शीर्षकातला काना आणि संगणकाचा पहारा

समजा, पु. ल. देशपांडे यांच्या एका पुस्तकाचे शीर्षक एका ग्रंथालयाने ‘वाऱ्यावरची वरात’ असे टंकले आणि दुसऱ्याने ‘वार्‍यावरची वरात’ असे. वाचणाऱ्याला दोन्हींत काडीचाही फरक दिसणार नाही. संगणकाला दिसतो. पहिल्या शीर्षकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे, त्यानंतर हलंताची खूण आणि मग ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंताची खूण, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग ‘य’. संगणक अक्षरांचे आकार पाहत नाही, त्यांचे क्रमांक पाहतो. क्रमांक वेगळे, म्हणजे शब्द वेगळा. दोन्ही ग्रंथालयांच्या तालिका एकत्र केल्या की एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात, आणि शोधणाऱ्याने ज्या पद्धतीने टंकले असेल तेवढीच त्याच्या हाती लागते. अक्षरांचे हे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्ही पद्धतींना जागा आहे, त्यामुळे टंकणाऱ्या दोघांपैकी कोणाचेच चुकलेले नसते.

ग्रंथालयाच्या तालिकेत अशा जागा पदोपदी येतात. त्या हेरण्यासाठी पडताळणीचे नियम लिहिलेले असतात. अमुक रकाना रिकामा नको, तमुक रकान्यात चार अंकच हवेत, या रकान्यात हे चिन्ह चालणार नाही. ग्रंथपालाने नोंद जतन करण्यासाठी बटण दाबले की हे नियम क्षणात तपासले जातात आणि नोंद आत घेतली जाते किंवा परत येते. वाचकाला ते कधी दिसत नाहीत. पण कपाटात पुस्तक असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्यांच्यावरच ठरते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत यात एक मोठी अडचण आहे. यातले बहुतेक नियम रोमन लिपी समोर ठेवून लिहिले गेले. त्यामुळे ते कित्येकदा बरोबर मराठीला अडवतात आणि चुकीच्या मराठीला बिनदिक्कत आत सोडतात.

कार्डावरून फितीवर

लाकडी खणांतल्या कार्डांवर पुस्तकांची तालिका होती तोवर हा प्रश्न एवढा टोचत नव्हता. लेखकाच्या नावानंतरचा स्वल्पविराम राहिला, शीर्षक जरा डावीकडे सरकले, तरी माणसाचा डोळा सांभाळून घेत असे. १९६५ साली हेन्रिएट ॲव्हरम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुजू झाल्या. त्या ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या प्रोग्रॅमर होत्या. कार्डावरचा प्रत्येक तपशील यंत्राला ओळखता यावा म्हणून त्यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ नावाचा नमुना घडला. १९६६ ते १९६८ या काळात त्याची चाचणी झाली आणि १९६९ पासून चुंबकीय फितींवरून नोंदी इतर ग्रंथालयांकडे जाऊ लागल्या. पुढे अमेरिका आणि कॅनडा यांचे नमुने जुळवून १९९९ मध्ये ‘मार्क २१’ तयार झाला. आज भारतातली अनेक ग्रंथालयेही त्याच्यावरच काम करतात.

मार्कच्या नोंदीत प्रत्येक रकान्याला तीन अंकी क्रमांक असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ०२० म्हणजे आयएसबीएन, २६४ म्हणजे प्रकाशनस्थळ, प्रकाशक आणि वर्ष. नोंदीच्या सुरुवातीला २४ चिन्हांचा मथळा असतो आणि त्यातल्या पहिल्या पाच जागा एकूण लांबीसाठी राखलेल्या असतात. म्हणून एक नोंद ९९,९९९ बाइटांपेक्षा मोठी होऊच शकत नाही. मथळ्यानंतर येते सूची. रेल्वेच्या आरक्षण तक्त्यात प्रवाशापुढे डबा आणि आसन लिहिलेले असते, तसा इथे प्रत्येक रकान्याचा क्रमांक, त्याची लांबी आणि तो कुठून सुरू होतो ती जागा लिहिलेली असते.

पहिली ठेच इथेच लागते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा. लांबी बाइटांत मोजायची, असा मार्कचा नियम आहे. एखाद्या सॉफ्टवेअरने बाइटांऐवजी चिन्हे मोजली तर इंग्रजी नोंदीत काहीच बिघडत नाही, कारण दोन्ही आकडे सारखेच येतात. मराठी नोंदीत मात्र १५ च्या जागी ५ लिहिले जातात आणि तिथून पुढचा प्रत्येक रकाना भलत्याच जागेवरून वाचला जातो. शीर्षकाचे शेपूट प्रकाशकाच्या रकान्यात जाऊन बसते. एका रकान्याची कमाल लांबी ९,९९९ बाइट आहे. इंग्रजी सारांशाला ती ऐसपैस पुरते, मराठी सारांश साडेतीन हजार चिन्हांच्या आसपासच संपवावा लागतो.

म्हणून पडताळणीचा पहिला थर नोंदीच्या सांगाड्याचा असतो. लांबी जुळते का, सूचीतल्या जागा बरोबर आहेत का, एकदाच यायला हवा तो रकाना दोनदा आला आहे का, हे सगळे यंत्र माणसापेक्षा चांगले पाहते. टेरी रीस यांनी तयार केलेले ‘मार्कएडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर जगभरचे ग्रंथपाल यासाठी वापरतात. त्याचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. फाइल उघडून नियम बदलता येतो, नवा घालता येतो.

आकड्यांचा हिशेब

दुसरा थर आकड्यांचा आणि संकेतांचा. त्यात सर्वांत देखणा नियम आयएसबीएनचा. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक झालेले गॉर्डन फॉस्टर यांनी १९६० च्या दशकात ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यांसाठी नऊ अंकी क्रमांकाची आखणी केली. १९७० मध्ये तो दहा अंकी आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी. भारतीय पुस्तकांच्या क्रमांकात ९७८ नंतर ८१ किंवा ९३ येते.

शेवटचा अंक हा आधीच्या बारा अंकांचा पहारेकरी असतो. ९७८०३०६४०६१५७ हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे आणि बेरीज करायची. ९, २१, ८, ०, ३, ०, ६, १२, ०, १८, १, १५. बेरीज ९३. ती दहाच्या पटीत नेण्यासाठी ७ हवेत, म्हणून शेवटचा अंक ७. टंकताना एक अंक चुकला तर बेरीज फिसकटते आणि चूक तिथेच पकडली जाते.

लागून असलेल्या दोन अंकांची अदलाबदल हीसुद्धा टंकणाऱ्याची नेहमीची चूक. तीही बहुतेक वेळा सापडते. पण याच क्रमांकातले ६ आणि १ उलटे लिहून पाहा: ९७८०३०६४०१६५७. आता बेरीज ९३ ऐवजी ८३ येते, तिलाही ७ च लागतात आणि चुकीचा क्रमांक सहीसलामत आत जातो. दोन अंकांत ५ चा फरक असला की तेरा अंकी पद्धत फसते. जुन्या दहा अंकी पद्धतीत ११ ने भाग जावा असा हिशेब होता. ११ ही मूळ संख्या असल्याने तिथे कोणतीही अदलाबदल निसटत नसे. त्या बदल्यात शेवटी दहा आले की रोमन आकड्यातला ‘एक्स’ लिहावा लागे.

एवढा चोख नियमसुद्धा जपून वापरावा लागतो. पुस्तकावर छापलेला क्रमांकच चुकीचा असतो असे अनेकदा घडते. नियम म्हणतो क्रमांक अवैध, पुस्तक म्हणते माझ्या पाठीवर हाच छापला आहे. मार्कने यासाठी ०२० मध्ये चुकीच्या क्रमांकांचा वेगळा उपरकाना ठेवला आहे. क्रमांक तिथे जपून ठेवायचा, कारण पुस्तक हातात घेऊन शोधणारा वाचक छापलेलाच क्रमांक टंकणार. नियमाला न पटलेली माहिती फेकून न देता तिची नीट सोय लावणे ही या क्षेत्रातली फार शहाणी पद्धत आहे.

संकेतांच्या बाबतीत एकटा रकाना पाहून भागत नाही. रकाने एकमेकांच्या साक्षीला बोलवावे लागतात. राम पटवर्धन यांचे ‘पाडस’ हे मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ या अमेरिकन कादंबरीचे भाषांतर. त्याच्या नोंदीत ००८ या रकान्यात भाषेचा संकेत मराठीचा हवा. ०४१ मध्ये पुस्तकाची भाषा मराठी, मूळ भाषा इंग्रजी असे हवे आणि हे भाषांतर आहे हे सांगणारा दर्शक अंक १ हवा. यातला प्रत्येक रकाना सुटा पाहिला तर निर्दोष असू शकतो. मूळ भाषा नोंदवली आहे पण दर्शक ‘भाषांतर नाही’ म्हणतो, ही विसंगती दोन्ही एकत्र पाहिल्यावरच कळते.

पुस्तकाचे शब्द, ग्रंथालयाचे शब्द

खरी कसोटी तिसऱ्या थरात लागते. शीर्षक, लेखक, प्रकाशक, स्थळ हे मोकळ्या मजकुराचे रकाने. इथे नियम लिहिणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारायला हवा. या रकान्यातले शब्द पुस्तकाचे आहेत की ग्रंथालयाचे?

शीर्षकाचा रकाना पुस्तकाचा. शीर्षकपानावर जे छापले आहे ते जसेच्या तसे उतरवायचे. हरि नारायण आपटे यांची गाजलेली कादंबरी कुठे ‘पण लक्षांत कोण घेतो’ अशी आढळते, कुठे ‘पण लक्षात कोण घेतो’ अशी. शेवटी कुठे उद्गारचिन्ह असते, कुठे प्रश्नचिन्ह. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि असले अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून आज एखाद्याने संगणकावर शुद्धलेखन तपासणी लावून जुन्या पुस्तकांची शीर्षके ‘दुरुस्त’ केली, तर पुस्तकाची कोणती आवृत्ती समोर आहे हे ओळखण्याचा एक पुरावाच नाहीसा होतो. मग आजच्या वाचकाने ‘लक्षात’ शोधले तर? त्यासाठी २४६ हा रकाना आहे. शीर्षकाचे दुसरे रूप तिथे लिहायचे. मूळ जागच्या जागी राहते आणि शोधणारा रिकाम्या हाताने परत जात नाही.

प्रकाशनस्थळाचेही तसेच. जुन्या पुस्तकावर ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ छापले असेल तर नोंदीतही तेच हवे. नकाशावरचे नाव बदलले म्हणून शीर्षकपान बदलत नाही. देशाचा संकेत मात्र ग्रंथालयाचा निर्णय असतो. तो ठरलेल्या यादीतूनच घ्यायचा आणि तिथे नियमाने रत्तीभर सूट देऊ नये.

लेखकाचा १०० क्रमांकाचा रकाना हा पूर्णपणे निर्णयाचा. ‘विशाखा’चे कवी कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे नाटककार वि. वा. शिरवाडकर ही एकाच व्यक्तीची दोन लेखननावे. दर वेळी टंकणाऱ्याच्या मनाला येईल तसे नाव पडू लागले, तर कधी ‘शिरवाडकर, वि. वा.’, कधी ‘शिरवाडकर, विष्णु वामन’, कधी ‘शिरवाडकर वि.वा.’ अशी रूपे साचत जातात. म्हणून ग्रंथालये नावांची प्रमाण यादी ठेवतात. नाव टंकायचे नाही, यादीतून निवडायचे, आणि दोन लेखननावांचा दुवा त्या यादीत एकदाच जोडायचा. इथला नियम कडक असलेलाच बरा.

नियम अडवतो तेव्हा

कडक नियम चुकीच्या जागी लावला की काय होते, याची उदाहरणे हवी तेवढी देता येतात.

‘शीर्षक किमान तीन अक्षरी हवे’ हा नियम निरुपद्रवी वाटतो. अर्धवट टंकून सोडलेल्या नोंदी त्याने थांबतात. पण हरिभाऊ आपट्यांच्या ‘मी’ या कादंबरीला तो दारातच अडवतो. अमेरिकेत थॉमस पिंचन यांच्या १९६३ सालच्या ‘व्ही.’ या कादंबरीलाही अडवील. ‘लेखकाच्या नावात आडनाव, स्वल्पविराम आणि नाव हवेच’ या नियमापुढे ज्ञानेश्वर आणि तुकाराम टिकत नाहीत, कवी ग्रेस टिकत नाहीत आणि ‘बी’ या नावाने लिहिणारे नारायण मुरलीधर गुप्तेही टिकत नाहीत. मार्क स्वतः असा हट्ट धरत नाही. १०० च्या पहिल्या दर्शकात ० असेल तर नाव एकटे, १ असेल तर आडनाव आधी. स्वल्पविराम तपासायचा तो १ असेल तेव्हाच.

इंग्रजी शीर्षकांच्या बाबतीत तर चूक करणारा नियम फार हुशार दिसतो. ‘द’, ‘ए’, ‘ॲन’ ही उपपदे वर्णानुक्रमात धरत नाहीत. किती चिन्हे सोडायची हे २४५ च्या दुसऱ्या दर्शकात लिहिलेले असते. ‘ए’ दिसला की दोन चिन्हे सोड, असा आपोआप चालणारा नियम केला की सू ग्राफ्टन यांची ‘ए इज फॉर अलिबाय’ ही रहस्यकथा ‘इज’ खाली जाते. तिथला ‘ए’ हे उपपद नाही, वर्णमालेतले पहिले अक्षर आहे. मराठीत उपपदेच नाहीत, त्यामुळे मराठी नोंदीत हा आकडा शून्यच असायला हवा. तरी ‘द’ने सुरू होणारी, देवनागरीत लिहिलेली इंग्रजी नावे मराठी भाषांतरांना असतातच. म्हणून इथे शून्याखेरीज आकडा दिसला तर नोंद थांबवू नये, ग्रंथपालाला विचारावे.

वर्षाचा नियम सर्वांत भोळा आणि म्हणून सर्वांत फसवा. ‘चार अंक हवेत आणि ते १८०० ते चालू वर्ष यांच्या दरम्यान हवेत.’ फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. ते या नियमात बसत नाही, पण निदान अडते तरी, आणि अडल्यावर माणूस लक्ष घालतो. खरा धोका अडत नाही त्याचा. जुन्या मराठी पुस्तकांवर शक वर्ष छापलेले असते. ‘शके १८२०’ म्हणजे इसवी सन १८९८-९९. टंकणाऱ्याने नुसते १८२० लिहिले की चार अंक झाले, मर्यादेत बसले आणि पुस्तक ७८ वर्षांनी जुने झाले. नियम संतुष्ट, नोंद खोटी. इथे पुन्हा रकाने एकमेकांना विचारावे लागतात. ह. ना. आपटे यांचा जन्म १८६४ चा. त्यांच्या नावावर १८२० सालचे पुस्तक दिसले तर संगणकाने तिथेच बोट ठेवायला हवे. लेखकाचे जन्मवर्ष प्रमाण यादीत बहुधा असते, तुलना फक्त लिहून ठेवावी लागते.

‘ख्रिस्तपुराण’ आणखी एका नियमाची परीक्षा घेते. ते मराठीत आहे, पण छापले रोमन लिपीत. ‘भाषा मराठी असेल तर शीर्षकात देवनागरीच हवी’ हा नियम त्याला परके ठरवतो. सेरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरी यांनी मोडीत छापलेली मराठी पुस्तकेही तशीच बाहेर राहतात. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, देवनागरीपासून वेगळी. भाषा आणि लिपी या दोन गोष्टी नियमांत वेगळ्या ठेवल्या तरच मराठीचा चारशे वर्षांचा छापील पसारा तालिकेत मावतो.

मराठीसाठी मराठी नियम

रोमन लिपीच्या सवयी किती खोलवर असतात, याचा नमुना ‘पायथन’ या लोकप्रिय संगणकभाषेत मिळतो. मजकूर तपासण्याच्या तिच्या नेहमीच्या साधनात ‘शब्दातले कोणतेही अक्षर’ अशा अर्थाची एक खूण आहे. या खुणेला म, र, ठ अक्षरे वाटतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार वाटत नाहीत, कारण युनिकोडमध्ये ती जोडचिन्हे म्हणून नोंदलेली आहेत. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाचे तिच्या लेखी दोन तुकडे होतात, ‘मर’ आणि ‘ठ’. ‘प्रकाशकाच्या नावात फक्त अक्षरे असावीत’ असा नियम या खुणेने लिहिला, तर काना-मात्रा असलेले प्रत्येक मराठी नाव नापास होते. आकड्यांची गंमत याच्या उलट. याच भाषेची ‘कोणताही अंक’ ही खूण १९६० आणि त्याचे इंग्रजी रूप दोन्ही स्वीकारते, तर जावास्क्रिप्टमधली तशीच खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. नोंद भरण्याच्या खिडकीत एक भाषा आणि मागच्या बाजूला दुसरी असेल, तर तेच वर्ष एका टोकाला चालते आणि दुसऱ्या टोकाला अडते.

मराठीतल्या खऱ्या चुका मात्र या नियमांच्या खिजगणतीतही नसतात. त्यातल्या काही अगदी जवळून पाहण्यासारख्या आहेत.

‘गोष्ट’ हा शब्द कित्येक ठिकाणी ‘गाेष्ट’ असा टंकलेला असतो. ओकाराच्या एका चिन्हाऐवजी आधी काना आणि मग त्यावर मात्रा. अनेक फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब दिसतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ‘ॲ’चेही तेच. २००८ पासून त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, पण ‘अ’वर चंद्र ठेवून ‘अॅ’ लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही. अनिल अवचट यांचे ‘स्वतःविषयी’ टंकताना विसर्ग सापडला नाही की लोक सर्रास ‘स्वत:विषयी’ असे अपूर्णविराम घालून लिहितात. तालिकेत अपूर्णविरामाला स्वतःचा अर्थ आहे. शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये तो येतो. उपशीर्षके वेगळी काढणाऱ्या ढोबळ नियमाने हे शीर्षक पाहिले की पुस्तकाचे नाव ‘स्वत’ होते आणि ‘विषयी’ हे त्याचे उपशीर्षक बनते.

युनिकोडपूर्वीच्या काळात खाजगी फाँटमध्ये भरलेल्या नोंदी हे आणखी एक जुने दुखणे. त्या फाँटमध्ये ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी टंकली जाई आणि व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे. रूपांतर अर्धवट झाले की वेलांटी शब्दाच्या तोंडाशी एकटीच लटकते. हे पकडणारा नियम दोन ओळींचा आहे. मोकळ्या जागेनंतर लगेच काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार येऊ शकत नाही, आणि एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे बसू शकत नाहीत. मराठी येणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र मराठी येणाऱ्याने ते सांगायला हवे.

असे नियम लिहिताना त्यांची तीन गटांत विभागणी केली तर काम सोपे होते. पहिला गट आपोआप दुरुस्त करण्याचा. काना आणि मात्रा एकापाठोपाठ आल्या तर त्यांचा ओकार करणे, ‘अॅ’चा ‘ॲ’ करणे, शब्दांमधली दुहेरी मोकळी जागा काढणे, यात अर्थ बदलण्याची भीती नाही. दुसरा गट विचारण्याचा. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये मोकळी जागा न सोडता आलेला अपूर्णविराम बहुधा विसर्ग असतो, पण निर्णय पुस्तक समोर असलेल्या माणसाने घ्यावा. वर्षांची विसंगतीही याच गटात. तिसरा गट नोंद अडवण्याचा. तो शक्य तितका लहान ठेवावा. सांगाडा मोडलेला असेल, शीर्षकच नसेल, भाषेचा संकेत यादीबाहेरचा असेल, एवढ्यासाठीच.

सुरुवातीला पाहिलेल्या दोन ‘ऱ्यां’सारख्या प्रश्नांवर याहून चांगला तोडगा आहे. दाखवायचा मजकूर आणि जुळवायचा मजकूर वेगळा ठेवायचा. नोंदीत शीर्षक जसे उतरवले तसेच राहते. त्याच्या मागे संगणक एक साधे रूप तयार करतो. त्यात अदृश्य चिन्हे काढलेली, ‘ऱ’ची दोन्ही लेखने एक केलेली, अंक एका प्रकारचे. शोध आणि दुबार नोंदींची तपासणी या साध्या रूपावर चालते. पुस्तकाच्या शब्दांना धक्का लागत नाही आणि वाचकालाही कोणत्या कळफलकावर टंकतो याची फिकीर राहत नाही.

हे सगळे मोठ्या संस्थांनाच परवडते असे नाही. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे काम करणारे पेतर किराय यांनी २०१९ मध्ये १२ कोटी ६० लाख मार्क नोंदी पडताळून त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांचे पडताळणीचे सॉफ्टवेअर कोणालाही मुक्तपणे वापरता येते. भारतातल्या अनेक ग्रंथालयांनी स्वीकारलेले ‘कोहा’ न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाले आणि २००० सालच्या जानेवारीत वापरात आले. तेही मोफत आणि मुक्त आहे. कोणता रकाना सक्तीचा, कोणत्या रकान्यात ठरलेल्या यादीतलीच किंमत चालेल, हे त्यात ग्रंथपाल स्वतः ठरवू शकतो. कमतरता आहे ती मराठी समजणाऱ्या नियमांची, आणि ते मराठी ग्रंथपाल व मराठी प्रोग्रॅमर यांनी एकत्र बसूनच लिहायचे आहेत.

त्यांच्यासाठी परीक्षेची पुस्तके तयारच आहेत. ‘मी’, ‘पाडस’, ‘स्वतःविषयी’, ‘ख्रिस्तपुराण’, ‘बी’ आणि ग्रेस यांचे कवितासंग्रह, शक वर्ष छापलेले एखादे जुने नाटक. नवा नियम प्रत्यक्ष तालिकेवर लावण्याआधी या नोंदींवर चालवून पाहायचा. यातले एकही पुस्तक विनाकारण अडले तर नियम बदलायचा, पुस्तक नाही.

ज्या ग्रंथालयाकडे अजून कोहाही नाही, फक्त पुस्तकांची एक लांबलचक एक्सेल फाइल आहे, त्यालाही आजच्या आज तीन शोध घेता येतील. काना आणि मात्रा एकापाठोपाठ कुठे आल्या आहेत, ‘अ’वर सुटा चंद्र कुठे आहे, आणि अक्षराला चिकटून अपूर्णविराम कुठे आहे. फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवावी, पहिल्या दोन शोधांत सापडेल ते सरसकट बदलावे, आणि तिसऱ्यात सापडलेली पुस्तके कपाटातून काढून शीर्षकपानाशी ताडून पाहावीत.